दाजीबांच्या दारातली घंटा

कुणी काही मत सांगितलं की दाजीबा पाटील आधी सांगणाऱ्याचं वय विचारायचे. मत खरं की खोटं, ते मागाहून. पुण्याकडचं एक वर्तमानपत्र माझा मामेभाऊ कापडाच्या गाठोड्यात दडवून मला पाठवायचा. आमच्याकडे निजाम सरकारचा अंमल. असली वर्तमानपत्रं उघड्यावर वाचायची सोय नव्हती. शाळा सुटली की दार लोटून घ्यायचं आणि मी ते दाजीबांना वाचून दाखवायचं, असा आमचा शिरस्ता होता. भिंतीला टेकून, डोळे मिटून ते सबंध अग्रलेख ऐकत. संपला की म्हणत, "बरं. ल्हिनाऱ्याचं वय काय आसंल?"

"ते छापत नाहीत, पाटील."

"छापाया पायजे. पंचविशीतला दिसतोय. चाळिशीत काय म्हंतोय ते बगू."

पुढे काही वर्षांनी त्याच सहीचा लेख जरा मवाळ निघाला. राज्यकर्त्यांच्या अडचणीही समजून घ्यायला हव्यात, असं त्यात होतं. दाजीबांनी डोळे न उघडता विचारलं, "लगीन झालं जनू?"

मी टाकळीला मास्तर म्हणून गेलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. मराठी शिकवायची आणि उर्दू शिकवल्यासारखं करायचं, एवढ्या कामावर माझी नेमणूक होती. पहिल्याच भेटीत, पाटलाला आपलं पाणी दाखवावं म्हणून, मी आवाज खाली आणून म्हणालो, "पाटील, हे राज्य काही फार दिवस टिकायचं नाही." त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"किती वय तुमचं?"

"चोवीस."

"मग बराबर हाय," ते म्हणाले आणि माझ्या जेवणाची सोय कुणाकडे लावायची ते बोलू लागले. मी चांगलाच हिरमुसलो. राजद्रोह करावा आणि समोरच्यानं भाकरीचं विचारावं, ही माझ्या कल्पनेत बसणारी गोष्ट नव्हती.

दाजीबा तेव्हा पंचावन्नच्या घरात होते. बुटके, रुंद मानेचे, चालताना डाव्या अंगाला किंचित झुकणारे. फेटा मात्र असा घट्ट बांधायचे की संध्याकाळी सोडला की कपाळावर वळ दिसायचा. चावडीवर जाजम अंथरलेलं असलं तरी ते पायरीवर बसत. जाजम साहेब लोकांसाठी, आपण साहेब नव्हे. समोरचा माणूस कितीही तावातावानं बोलत असो, त्याचं संपेपर्यंत ते गप्प राहायचे आणि मग एवढंच म्हणायचे, "बरं, पुढं?" या दोन शब्दांनी मी मोठमोठ्या भांडखोरांची हवा गेलेली पाहिली आहे. पुढचं बहुतेकांनी ठरवलेलंच नसायचं.

बीडहून नेकनूरला जाणाऱ्या वाटेवर टाकळी, आणि वाटेवर असणं हाच गावाचा गुन्हा. दौऱ्यावरचा प्रत्येक साहेब गावाला लागायचा. महसूल तपासणारा गिरदावर आला, तहसीलदार आला, जंगलचा आला, आबकारीचा आला. आमराईत राहुट्या पडायच्या आणि गावाला वेठ लागायची. वेठ म्हणजे फुकटची चाकरी. साहेबाचं सामान पुढच्या मुक्कामी पोचवायला गाडी-बैल गावाचे, कडबा-सरपण गावाचं, दूध गावाचं, पाणी भरणारे आणि ओझी वाहणारे हातही गावाचेच. साहेब मनानं चांगला असला तर जाताना हसायचा, हाच मोबदला.

ही वेठ टाकळीत घंटेवर चाले. बैलाच्या गळ्यात बांधतात तसली ती एक पितळी घंटा होती, एका बाजूनं चेपलेली. ती ज्याच्या दारातल्या खुंटीला, त्याची गाडी जायची. जाऊन परत आला की त्यानं आपल्या हातानं ती शेजारच्या दारात नेऊन अडकवायची. असं गाडी असलेल्या सगळ्या घरांतून ती फिरायची. जुन्या रिवाजाप्रमाणे पाटलाचं घर वेठीतून मोकळं. पण घंटा सुरू केली दाजीबांनी, आणि पहिली खुंटी ठोकली ती आपल्याच दारात. दुसरा नियम असा, की जाऊन आल्याशिवाय घंटा हलवायची नाही. पाळीवाला आजारी पडला किंवा त्याचा बैल बसला, तर तेवढ्यापुरती पाटलाची गाडी जाईल, पण घंटा त्याच्याच दारात राहील. तो उठून स्वतः जाऊन येईल तेव्हाच ती पुढे जाईल.

कोंडीबा नावाचा एक शेतकरी विषमज्वरानं दोन महिने अंथरुणाला खिळला, तेव्हा दोन महिने घंटा त्याच्या दारात राहिली आणि तीन वेळा दाजीबांची गाडी गेली. कोंडीबाच्या बायकोला अवघडल्यासारखं झालं. तिनं एके दिवशी घंटा गुपचूप शेजारच्या खुंटीला लावून टाकली. दाजीबा स्वतः गेले, घंटा काढली आणि पुन्हा कोंडीबाच्या दारात आणून लावली. "आसं क्येलं तर उद्या धडधाकट मानूस बी आजारी पडंल," ते तिला म्हणाले. मला या काटेकोरपणाचं हसू यायचं. जुलूम तो जुलूम, आणि त्याची एवढी टापटीप कशाला? मी एकदा तसं म्हणालोही.

"तुमाला सखारामानं सांगितलं न्हाई वाटतं," दाजीबा म्हणाले आणि उठून गेले.

मग मी सखारामकडे गेलो. हा दाजीबांचा शेजारी, त्यांच्याच वयाचा. त्यानं तंबाखू मळत मळत सगळं सांगितलं.

दाजीबा एकवीस वर्षांचे असताना, त्यांचे वडील पाटील होते. ऐन पेरणीच्या दिवशी साहेबाचा जवान गाडी मागायला आला. ज्यांच्या गाड्या रिकाम्या होत्या त्यांनी त्या दडवल्या होत्या. जवान दाजीबांच्या एका चुलत्याच्या दारात जाऊन शिव्या देऊ लागला. तेव्हा दाजीबा उठले, घरच्या गाडीची चाकं ज्या खिळ्यांनी अडकवलेली असतात ते खिळे त्यांनी काढले आणि जवानासमोर विहिरीत टाकले. "ने आता गाडी," म्हणाले. साहेबानं त्यांना चावडीसमोर भर उन्हात ओणवं उभं केलं आणि पाठीवर जात्याची तळी ठेवली. दुपार कलली तरी दाजीबांनी माफी मागितली नाही. त्यांच्या चालण्यातला तो झोक तेव्हापासूनचा.

"बघा, काय माणूस," मी भारावून म्हणालो.

"आयका की पुढं," सखाराम म्हणाला. "ह्यो हितं दगड घिऊन हुबा. पर सायबाला गाडी पायजेच हुती ना? मग कुनाची नेली? माजी नेली. नदीच्या उतारावर माजा बैल घसरला आन् पाय मोडला. तिथंच सोडून यावं लागलं. ह्यानं मला आपला बैल दिला, ती गोष्ट येगळी. पर माजा त्यो बैल लई गुनाचा हुता."

ती चेपलेली घंटा त्या बैलाच्या गळ्यातली. पंधरा वर्षांनी पाटीलकी अंगावर आली तेव्हा दाजीबांनी ती सखारामकडून मागून घेतली होती.

यानंतर मी घंटेला हसलो नाही. पण दाजीबांचं म्हणणं मला तरीही पटत नव्हतं. ते म्हणायचे, सरकार आपण आणलं नाही आणि आपल्याच्यानं जाणार नाही. आपल्या हातात एवढंच, की जे अंगावर येतं ते एकाच्या अंगावर येऊ द्यायचं नाही. मी म्हणायचो, वाटून घेतलेला जुलूम लवकर सवयीचा होतो. ते म्हणायचे, "बरं, पुढं?" आणि मी गप्प व्हायचो, कारण पुढे माझ्याकडे महिन्याच्या महिन्याला येणारा सरकारी पगार होता.

दाजीबांना मूलबाळ नव्हतं. धाकट्या भावाचा मुलगा भुजंगा त्यांनीच वाढवला होता. लग्न झाल्यावर तो शेजारीच वेगळा राहू लागला, आणि वेगळं दार म्हणजे वेगळी खुंटी. भुजंगा बावीस वर्षांचा असताना, ज्वारीची कणसं खळ्यावर पडलेली, आणि घंटा त्याच्या दारात आली. त्यानं ती काढली, भर चावडीवर आणून दाजीबांच्या समोर पायरीवर ठेवली.

"काका, माजी गाडी जायाची न्हाई."

"कावून?"

"कावून म्हंजी? ज्वारी माजी, बैल माजे. सायबाचा पलंग मी कावून वाहू?"

"मग कुनाची जाईल?"

"कुनाचीच न्हाई."

चावडीवर पाच-सात माणसं होती. दाजीबा त्या घंटेकडे पाहत होते. सखाराम माझ्या शेजारीच बसला होता. त्यानं मान खाली घातली.

"मी बी आसंच म्हनलं हुतं," दाजीबा म्हणाले. "लई बरं वाटतं म्हनताना. जा, खळं उरक. गाडी माजी जाईल."

त्या वर्षी आणि त्यानंतर भुजंगाच्या प्रत्येक पाळीला दाजीबांची गाडी गेली. घंटा त्याच्या दारातून पुढे सरकली, कारण दाजीबांनी नियम वाकवला. आयुष्यात तो त्यांनी एका माणसासाठीच वाकवला, तोही घरच्या, आणि ते त्यांना फार लागलं. काका-पुतणे एकमेकांशी बोलेनासे झाले. गाव दोन्हीकडून बोलायचं. भुजंगाच्या वयाची पोरं म्हणायची, काका सरकारचा माणूस झालाय. म्हातारे म्हणायचे, पुतण्याला अजून दुनिया कळायचीय. मला दोघांचंही पटायचं, आणि हीच माझी त्या वयातली अडचण होती.

दाजीबांचं मत बदललं ते भुजंगामुळे नाही, आणि माझ्या वर्तमानपत्रामुळे तर मुळीच नाही. त्याला कारण सगुणा.

वेशीबाहेर जी वस्ती होती, तिथली माणसं पिढ्यानपिढ्या गावकीची कामं करत आली होती. सगुणा तिथली. साहेबाच्या गाडीत मोठं सामान जायचं; पण त्याची पेटी आणि वळकटी त्याच्या घोड्याबरोबर, माणसाच्या डोक्यावरून जायची, आणि ते डोकं नेहमी वेशीबाहेरचं असायचं. वैशाखात सगुणाचा नवरा पेटी घेऊन चार कोस गेला आणि परत आला तो तापानं फणफणत. तळपायांची सालं निघालेली. औषधाला म्हणून सगुणा शाळेत माझ्याकडे आली. दाजीबा तिथंच बसलेले. मी क्विनीनच्या गोळ्या शोधत होतो. ती दाराबाहेरच उभी राहिली आणि जरा वेळानं म्हणाली, "पाटील, एक इचारू?"

"इचार की."

"ती तुमची घंटा आमच्या दारात कवा येती?"

"तुमच्याकडं गाडी कुटं हाय?" दाजीबा म्हणाले. त्यांना प्रश्नच कळला नव्हता.

"न्हाई ना. म्हनून तर आमी दर बारीला जातो. गाडीवाल्यांची बारी संपती. आमची संपतच न्हाई."

तिनं हे काही भांडणाच्या सुरात म्हटलं नव्हतं. गोळ्या पदरात बांधल्या आणि ती गेली. मी वर्तमानपत्र काढलं, दाजीबांनी हातानं नको म्हटलं. मघापासून माझ्याही मनात तेच चाललं होतं: इतकी वर्षं आम्ही दोघं त्या घंटेच्या न्यायावर वाद घालत होतो, आणि हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली. दाजीबांना किती वाटली असेल ते पुढच्या दौऱ्यात कळलं.

सकाळची वेळ. गिरदावर साहेब घोड्यावर बसले होते. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता, दौऱ्याला त्याच्यापेक्षा कंटाळलेला कुणी नसेल. वस्तीतला एक गडी पेटी उचलायला वाकला, तेवढ्यात दाजीबा पुढे झाले. त्यांनी फेटा सोडला, त्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि त्या गड्याला म्हणाले, "हात लाव."

"पाटील, ये क्या तमाशा?" साहेब म्हणाले.

"तमाशा न्हाई साहेब. आज माजी बारी हाय."

पाटलानं, तेही त्रेसष्ट वर्षांच्या, बोडक्या डोक्यावर पेटी घेऊन सरकारी घोड्यामागून चालायचं, हे टाकळीनं कधी पाहिलेलं नव्हतं. बायका दारात आल्या. मी शाळेच्या दारात उभा होतो. भुजंगा खळ्यावरून धावत आला, दीड वर्षात पहिल्यांदा बोलला, "काका, द्या हिकडं."

"सरक. तुजी बारी न्हाई," दाजीबा म्हणाले. पेटीच्या ओझ्यानं तो डाव्या अंगाचा झोक आणखी वाढला होता.

ते चार कोस गेले आणि तिसऱ्या प्रहरी परत आले. येताना वेशीबाहेर सगुणाच्या घरासमोर थांबले. ती म्हणाली, "पाटील, एका बारीनं काय व्हतंय?"

"काय व्हत न्हाई, सगुणाबाई," ते म्हणाले. तोवर ते तिला सगुणे म्हणत आले होते. सोबत गेलेल्या गड्यानं मला हे सांगितलं, तेव्हा त्यालाही पेटीपेक्षा त्या 'बाई'चंच जास्त नवल वाटत होतं.

आठवडाभरात त्यांनी चावडीवर गाव बोलावला आणि सांगितलं, की यापुढं घंटा वेशीबाहेरही फिरेल. गाडी असो की डोकं, पाळी एकच. एका दौऱ्याला एक घर. उरलेल्या सामानाचं साहेबानं पाहावं. गाव उसळला. आमच्या दारातली घंटा त्यांच्या खुंटीला लागून परत आमच्या दारात यायची? सखारामनं तर, माझ्या बैलाची घंटा मला परत द्या, असं तोंडावर सांगितलं. दाजीबा सगळ्यांचं ऐकून घेत होते. "बरं, पुढं?" म्हणत होते. पण या वेळी ते म्हणताना त्यांनी पुढचं ठरवलेलं होतं. घंटा त्यांच्याच दारात होती. तिथून ती काढून ते वेशीबाहेर गेले.

वरून हुकूम यायला दोन महिने लागले. उर्दूत होता, म्हणून चावडीवर मीच वाचला. पाटलाला कामातून मोकळं केलं होतं आणि पाटीलकी पुतण्याकडे दिली होती. कारण लिहिलं होतं, जईफी. जईफी म्हणजे म्हातारपण, असं मी अडखळत सांगितलं. दाजीबा मोठ्यानं हसले. "मास्तर, सरकारनं पहिल्या बारीला मानसाचं वय इचारलं बगा."

भुजंगा पाटीलकी घेईना. दाजीबांनीच त्याला बसवून सांगितलं, की तू घेतली नाहीस तर परका येईल आणि तो पहिल्या दिवशी घंटा वितळवील. भुजंगानं घेतली. नंतर मानमोडीच्या तापाची साथ आली, तीत दाजीबांची बायको गेली, आणि त्याच वर्षी माझी बदली गेवराईला झाली. निघताना दाजीबा वेशीपर्यंत आले. माझ्या पेटीला त्यांनी हात लावू पाहिलं तेव्हा मी ओरडलो, आणि आम्ही दोघंही हसलो.

पुढे नऊ वर्षांनी एका लग्नासाठी नेकनूरला जाताना मी टाकळीला उतरलो. आमराईत राहुट्या दिसत होत्या. वेशीतच भुजंगा भेटला. अंगानं भरलेला, फेटा काकांसारखाच घट्ट. चहा घ्यायला बसवलं आणि बोलता बोलता म्हणाला, "सरकार काय आपुन आनलं न्हाई मास्तर, आन् आपल्याच्यानं जात बी न्हाई. वाटून घ्यायचं, दुसरं काय?" शब्द दाजीबांचेच होते. आवाजसुद्धा तोच होता.

"आन् काकाचं काय सांगू तुमाला? दीड साल झालं, घंटा आडवून बसल्यात."

झालं होतं ते असं. दाजीबांचं डावं अंग वाऱ्यानं गेलं होतं. त्याच सुमाराला घंटा फिरत फिरत त्यांच्या दारात आली. भुजंगा म्हणाला, तुमचं दार वगळू. दाजीबा म्हणाले, मी मेलो का? आणि मग नियम तो नियम. जाऊन आल्याशिवाय घंटा हलायची नाही, आणि दाजीबांना तर उठून बसायलाही दुसऱ्याचा हात लागायचा. त्यांची पाळी संपणं शक्य नव्हतं. त्यांची संपत नाही तोवर कुणाचीच येत नव्हती. वेशीच्या आतली माणसं काय नि बाहेरची काय, या एका बाबतीत गावानं कमालीची एकी दाखवली होती. जवान कुणाच्याही दारात गेला तरी उत्तर एकच: घंटा दाजीबांकडं हाय. आणि पाळीवाला अडला तर पाटलाची गाडी जायची, म्हणून दीड वर्षं प्रत्येक दौऱ्याला भुजंगाचीच गाडी जात होती.

आम्ही दाजीबांकडे गेलो. ओट्यावर बाज टाकलेली, ते उशीला टेकून बसलेले, डोक्यावर फेटा बांधलेला. तो आता भुजंगाची बायको बांधून देत होती आणि घट्ट बांधला नाही तर ते पुन्हा सोडायला लावत. उशाशी, हात पोचेल एवढ्या अंतरावर, खुंटीला ती चेपलेली घंटा. त्यांनी मला ओळखलं. बोलणं जरा जड झालं होतं, पण कळत होतं. वर्तमानपत्रवाला तो लेखक आता काय म्हणतो, हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं.

तेवढ्यात चावडीकडून जवानाची हाक आली. "ओ पाटील! गाडी लाव. साहब निकल रए!"

भुजंगा बाजेपाशी उभा राहिला. "काका, घंटा द्या आता. लई झालं."

"गेल्याबिगर कशी दिऊ?"

"मग मी किती बारी जाऊ?"

"तुला वाटंल तवर जा." दाजीबा दमानं, एकेक शब्द जुळवत बोलत होते. "तुजं वय काय रं आता?"

"छत्तीस."

"मी छत्तिसाचा व्हतो तवाच ही घंटा काढली. लई हुशारी क्येली आसं वाटलं. वाटून घ्येतल्यानं वेठ संपत न्हाई, ह्ये कळायला साठी उलटली." त्यांना धाप लागली. मग म्हणाले, "तुला माज्यावानी साठीपत्तूर थांबायचं आसंल तर थांब बाबा. माजी काय ना न्हाई. घंटा हितंच हाय."

जवानानं पुन्हा हाक मारली. या खेपेला आवाज जवळून आला. भुजंगाची गाडी समोरच उभी होती, बैल बाजूला बांधलेले. तो बैलांकडे पाहत राहिला, घंटेकडे पाहिलं, आणि मग काही न बोलता ओट्याच्या पायरीवर, काकांच्या पायाशी बसला. छत्तीस वर्षांच्या, बायका-पोरांच्या माणसाचं ते बसणं होतं. बावीसच्या पोरानं चावडीवर घंटा आणून ठेवली होती, त्याहून हे अवघड होतं.

दाजीबांनी चांगल्या हातानं पायरीकडे खूण केली.

"मास्तर, तुमी बी बसा की."

जवान बोळाच्या तोंडाशी आला होता. मी सरकारी शाळेचा मुख्याध्यापक होतो. घरी तीन मुली होत्या, बढतीचा कागद वर गेलेला होता. मी म्हणालो, लग्नाची वेळ टळेल, मला नेकनूर गाठायला हवं. दाजीबांनी मान हलवली. रागावले नाहीत. त्यांनी माझं वयही विचारलं नाही.

बोळाच्या वळणावरून मी मागे पाहिलं. जवान त्या दोघांसमोर कमरेवर हात ठेवून उभा होता, आणि ओट्यावर दाजीबा डाव्या अंगाला झुकून, मी अग्रलेख वाचत असताना ऐकायचे तसे, डोळे मिटून त्याचं ऐकत होते. त्याचं बोलणं थांबलं. दाजीबांचे ओठ हलले. काय म्हणाले ते इतक्या लांबून ऐकू येण्यासारखं नव्हतं, पण ते दोनच शब्द होते, हे मी सांगू शकतो.

त्यानंतर मला ते दिसले नाहीत. दोन महिन्यांनी गेले. तोवर टाकळीतून गाडी गेली नव्हती, एवढं गेवराईला कानावर आलं.

माझं वय आज त्यांच्या त्या दिवशीच्या वयाइतकं झालं आहे. आज मी बसलो असतो.